अंगातलं वारं

कडूबाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याला दृष्ट लागू नये यासाठी आईनं मुद्दाम त्याचं नाव कडूबा ठेवलं. पोर जगलं, पण त्याला आयुष्यभर गोड शब्दांची हाव राहिली. कुणी नुसतं "वा, कडूबा" म्हटलं तरी त्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. आणि तेवढं म्हणायची सवड पिंपळगाव राजात कुणालाच नव्हती. तो खामगावला एका दुकानात मोटारींच्या सीटा भरायचा, संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचा, आणि गावाच्या लेखी तो गाद्या भरणारा होता. बस्स, तेवढाच.

त्याची धाकटी बहीण रुख्मिणी गावातल्या गावातच दिलेली. तिचा नवरा रंगराव वांगी-मिरचीचा मळा करायचा, चार माणसांत मोजकं बोलायचा, आणि वैशाखात भैरोबाच्या यात्रेला सोंग घ्यायचा. हा मान त्याच्या घराण्याचा. सोंग म्हणजे खुद्द भैरोबाच: डोक्याला टोप, अंगात चिलखत, हातात खड्ग. देवानं दैत्य भरदुपारी मारला अशी गावाची समजूत, त्यामुळे सोंगही ऊन डोक्यावर आल्यावरच वेशीतून निघायचं आणि बाजारातून मिरवत देवळाशी पोचायचं. एकदा सोंग अंगावर चढलं की आतल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि देवळाची पायरी चढेपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही. देवाला कुठली आलीय तहान! वैशाखातलं तिकडचं ऊन ज्यानं पाहिलंय त्यालाच या नियमातला निर्दयपणा कळेल.

जुनं चिलखत बांबूच्या कामट्यांचं, वर गोणपाट आणि कागदाचा लगदा. ते इतकं फाटलेलं होतं की चारी दिशांचा वारा त्यातून आरपार जायचा. तरीसुद्धा मागल्या यात्रेला रंगराव देवळाच्या पायरीवर मटकन बसला, ओकला, आणि पुढे कितीतरी दिवस त्यानं मळ्यात पाऊल टाकलं नाही. रुख्मिणीनं तेव्हापासून यात्रेची धास्तीच घेतली होती.

गावातल्या म्हाताऱ्यांचं दुःख मात्र वेगळंच होतं. रंगरावाचा बाप सोंग घ्यायचा तेव्हा त्याच्या अंगात वारं यायचं, देवाचं वारं. तो घुमायचा, बाया त्याला गाऱ्हाणी सांगायच्या, तो उत्तरं द्यायचा. रंगरावाच्या अंगात एकदाही वारं आलं नाही. तो मळ्यात पाणी द्यायला निघाल्यासारखा निघायचा आणि फेरी संपवून घरी यायचा. म्हातारे म्हणायचे, आता नुसतं सोंग राहिलं, देव गेला. रंगराव ऐकायचा आणि हसायचा. येत नाही तर कुठून आणू, म्हणायचा.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पंजाबराव हे यात्रेच्या पंचांचे मुखिया. त्यांना नुकतीच जिल्हा परिषदेची हवा लागली होती. औंदाच्या यात्रेला बाहेरचे चार पुढारी येणार, तेव्हा असलं फाटकं चिलखत चालायचं नाही, असं त्यांनी पंचांत जाहीर केलं. कडूबा तिथं मागं उकिडवा बसला होता. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, चिलखत मी करतो, आणि असं करतो की लोखंडाचं वाटंल.

त्याच्याकडे माल होता. खामगावच्या एका टॉकीजनं बाल्कनीच्या खुर्च्या बदलल्या होत्या. जुन्या खुर्च्यांतला फोम दुकानात येऊन पडला होता, आणि मालकानं कडूबाला हवा तेवढा नेऊ दिला. गावानं असलं काही पाहिलं नव्हतं. बोट दाबावं तर खड्डा पडतो, बोट उचललं की खड्डा गायब. कुणी त्याला इस्पंज म्हणे, कुणी रबरी कापूस. आठवडाभर कडूबाच्या ओसरीवर येणाराजाणारा ते दाबून जायचा, आणि कडूबा कुणाला नको म्हणायचा नाही.

त्यानं रंगरावाला उभं करून जुन्या वर्तमानपत्रांचे कागद त्याच्या अंगावर बेतले. छातीचा, पाठीचा, खांद्यांचा, मांड्यांचा, एकेक कागद कापून काढला. ते कागद फोमवर ठेवून दाढीच्या पात्यानं कापत असतानाच रुख्मिणी आली. ती दारातच उभी राहिली. आत आली नाही, बसली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "कसंही कर, पण त्यायले आतमंदी वारं लागलं पाहिजे. बाकी ते चांगलं दिसो का न दिसो."

"तू काऊन भेतं वं? मी हाय ना."

"तू हाये म्हणूनच सांगून राह्यली. दुसऱ्याले सांगतलं नसतं."

आणि कडूबानं खरोखर जीव ओतून काम केलं, हे त्याच्या शत्रूलाही नाकारता यायचं नाही. फोमचे खवले कापून त्यानं एकावर एक असे बसवले की माशाच्या अंगावर बसावेत. जोड द्यायला सायकलच्या पंक्चरचं सुलोचन वापरलं. कडा तिरप्या छाटल्या, वर चांदीचा रंग दिला, कडांना पिवळा. आणि वाऱ्याची सोय त्यानं बहिणीच्या शब्दाखातर सगळ्यात आधी केली. दोन्ही काखांत तळहात मावेल एवढी भोकं. पाठीवर, कमरेच्या वर, तिसरं. टोपाच्या शेंड्याला तुऱ्याआड चौथं. आतून छातीला आणि पाठीला फोमच्याच बारीक वड्या चिकटवल्या, म्हणजे चिलखत अंगाला भिडणार नाही, मधून हवा खेळंल. वाळा आणून त्याच्या मुळ्या एका फडक्यात शिवल्या. ते फडकं ओलं करून आत बांधायचं. रंगरावानं ते घालून मळ्याच्या बांधावर एक फेरी मारली आणि म्हणाला, जुन्यापेक्षा गार आहे गड्या. रुख्मिणीनं काखेतल्या भोकात स्वतः हात घालून पाहिला. तेव्हा कुठे ती हसली.

यात्रेच्या आदल्या दिवशी चावडीपुढे पंचांनी सोंग पाहिलं. रंगराव उभा राहिला तसा माणसांचा कल्लाच झाला. खरंच लोखंड वाटत होतं. कडूबा बाजूला उभा राहून एकेकाचं तोंड न्याहाळत होता, कोण काय बोलतो म्हणून. पंजाबरावांनी सोंगाभोवती एक फेरा घातला. रंगरावानं खड्ग उगारलं, हात वर गेला, आणि काखेच्या भोकातून त्याची मळकी बनियान दिसली.

"का रे कडूबा," पंजाबराव म्हणाले, "देवाले बनियान असते का?"

चावडी खदखदून हसली. म्हातारे, पोरं, पंच, सगळे. रंगरावही टोपाच्या आत हसला. कडूबाचा चेहरा उतरला. तो मनातल्या मनात या एका क्षणासाठी तीन आठवडे जगला होता, आणि तो क्षण बनियानीत गेला. कुणी चिलखताबद्दल वाईट बोललं नव्हतं. पण चांगलंही कुणी बोललं नाही, आणि कडूबाला दोन्ही सारखंच.

दिवे लागायच्या वेळेला तो ओसरीवर एकटा बसला. उरलेल्या फोमचे चार गोळे कापले, चारी भोकांत सुलोचन लावून ठोसले, वरून खवले चिकटवले, वरून चांदीचा रंग दिला. रंग सुकल्यावर इथं भोक होतं हे त्याचं त्यालाही ओळखू येईना. त्याला रुख्मिणीचा शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. पण वाळ्याचं फडकं आहेच, ते जास्त ओलं करू, म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. बहिणीला सांगायला मात्र तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वेशीत सोंग सजलं. कडूबानं स्वतःच्या हातानं पट्टे आवळले. फडकं निथळतं ओलं होतं, त्यामुळे सुरुवातीला रंगरावाला बरंच वाटलं. त्यानं टोप चढवण्याआधी विचारलं, आज जरा कोंदल्यासारखं काऊन लागतं? कडूबा म्हणाला, रंग ताजा हाये म्हणून. मग टोप चढला, डफडं वाजलं, आणि त्या घडीपासून रंगराव रंगराव राहिला नाही.

ऊन आग ओकत होतं. रस्त्याच्या कडेला बाया डोक्यावर पदर ओढून उभ्या होत्या. सोंग बाजारात पोचलं तेव्हा त्याची चाल फारच देखणी वाटत होती, जड, संथ, देवासारखी. मागून चालणाऱ्या कडूबाला एकट्यालाच ती चाल ओळखीची वाटेना. रंगराव पाय उचलत नव्हता, ओढत होता. हवा नसलेल्या जागी ओल्या फडक्याचं काय होतं ते तेव्हा कडूबाला कळलं. झाकण घातलेल्या पातेल्यात भात शिजतो तसा माणूस आत शिजत होता.

बाजाराच्या मधोमध सोंग थांबलं. डोलू लागलं. खड्ग हातातून गळून पडलं. दोन्ही हात काखेकडे गेले, जिथं भोकं असायला हवी होती तिथं चाचपू लागले. टोपाच्या आतून घोगरा आवाज आला.

"वारं… वारं…"

क्षणभर डफडंही थांबलं. मग भिमाबाई नावाची एक म्हातारी, जिनं रंगरावाच्या बापाला घुमताना पाहिलं होतं, रस्त्यात आडवी पडली आणि रडत ओरडली की वारं आलं, भैरोबाचं वारं आलं! झालं. सगळा बाजार लोटला. डफडं दुप्पट जोरानं वाजू लागलं. कुणी धूप पेटवला आणि त्याच्या तोंडाशी धरला. सोंग जितकं डोले तितकी माणसं हात जोडत. ते जितकं वारं-वारं म्हणे तितका जयजयकार होई. आतल्या माणसानं श्वास मागितला होता, आणि गावानं तो देवाचा कौल समजून डोक्याला लावला.

कडूबाला मात्र तो शब्द बरोबर ऐकू आला. तो पुढे धावला. पंजाबरावांनी त्याचा दंड धरला. सोंगाले हात लावायचा नाही, त्यांनी दरडावलं. कडूबा तेव्हा ओरडू शकला असता. मी भोकं बुजवली, एवढे तीनच शब्द पुरे होते. पण त्याच वेळी किसनराव पाटलांनी, जे आजवर त्याच्या रामरामालाही मान हलवत नसत, त्याच्या पायाला हात लावला. म्हणाले, तुझ्या हाताला यश आहे बाबा, तू चिलखत केलं आणि देव परत आला. मागचे चारजण वाकले. आणि कडूबाच्या तोंडातले तीन शब्द तोंडातच राहिले. किती वेळ राहिले हे त्याला पुढे कधी नीट आठवलं नाही. जेवढा वेळ राहिले तेवढा पुष्कळ झाला.

रुख्मिणी गर्दी फाडत आली. तिनं नवऱ्याच्या छातीवरचे पट्टे ओढायला सुरुवात केली, तिचा पदर पडला, केस सुटले. ती ओरडत होती की उघडा, मरतीन ते, उघडा. बायांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. तिच्या कपाळावर मळवट भरला, ओटीत नारळ घातला. जोडीनं वारं आलं, म्हणाल्या. ती जसजशी धडपडू लागली तसतशी त्यांची खात्री पटत गेली.

गर्दीच्या रेट्यातच सोंग देवळापर्यंत पोचलं आणि पायरीपाशी कोसळलं. नियम संपला होता, तेव्हा कुठे कडूबाला जवळ जाऊ दिलं. त्यानं खिशातल्या पात्यानं पट्टे कापले. आत रंगरावाचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत होतं, घामाचा थेंब नव्हता. पाणी शिंपडलं, बैलगाडीत घातलं, मग कुणाची तरी जीप मिळाली आणि खामगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावली. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यात गेलं, आता माणूस पूर्वीसारखा होईलसं वाटत नाही.

तो झाला नाही. रंगराव घरी आला तो नुसता बसून राहायचा. भरवलं तर खायचा, उठवलं तर उठायचा. रुख्मिणीला ओळखायचा की नाही ते तिलाही कळेना. तोंडातून एकच शब्द यायचा, वारं. गावानं त्याचा अर्थ केव्हाच लावला होता. देव आला तो गेलाच नाही, अंगातच राहिला. दर रविवारी माणसं येऊ लागली. पंचांनी रंगरावाच्या ओसरीवर पाट मांडला, झेंडू लावला. पार उंद्रीकडून, हिवरा आश्रमाकडून गाड्या यायच्या. लोक गाऱ्हाणं सांगायचे, रंगराव वारं म्हणायचा, आणि ते समाधानानं परत जायचे. ज्या माणसाला लोक वर्षानुवर्षं नुसतं सोंग म्हणत होते, तो आता सोंगाशिवाय देव झाला होता.

रुख्मिणी त्याच्या शेजारी ताडाचा पंखा घेऊन बसायची आणि सारखा वारा घालायची. लोक म्हणायचे, बाई देवावर चवरी ढाळते.

कडूबाचं खामगावात लक्ष लागेना. फोमला हात लावला की बोटाखाली खड्डा पडायचा, भरून यायचा, आणि त्याला ते बघवायचं नाही. जो तो आता त्याला कारागीर म्हणायचा. चहा पाजायचा. पुढचा चैत्र आला तसं पंजाबरावांनी त्याला बोलावून सांगितलं की यात्रेला रंगरावालाच पुन्हा चिलखत चढवायचं, तेव्हा जरा डागडुजी कर.  रविवारी कडूबा सरळ रंगरावाच्या घरी गेला. ओसरीवर माणसांची रांग होती. तो मागच्या दारानं आत शिरला आणि रुख्मिणीला चुलीपाशी बोलावलं.

"रुखमा," तो म्हणाला, "मी आज सगळ्यायले सांगून टाकतो. देव नव्हता आला. म्या भोकं बुजवली व्हती."

रुख्मिणीनं त्याच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, चिडली नाही. ते बघून कडूबाला जास्तच भीती वाटली.

"मले माहीत हाये. चिलखत म्याच धुतलं ना. काखेतले गोळे माह्या हातानं उपसले."

"मंग वर्षभर बोलली काऊन नाही?"

"कोनाले बोलू? आज तू सांगशीन अन् तुह्या मनावरचं वझं जाईन. अन् उद्या हे कोन होतीन? येडा रंगराव. पोट्टे दगडं मारतीन त्यायले. आता पाया तं पडतात."

 बाहेरून रंगरावाचा आवाज आला, वारं, आणि पाठोपाठ रांगेतल्या माणसांचा जयजयकार. रुख्मिणी पदर सावरून उठली. डागडुजीचं कानावर येताच तिनं पंजाबरावांना सांगून टाकलं होतं: देवानं कौल दिला, आता चिलखत अंगाला लावायचं नाही. देवाच्या नावानं खोटं बोलायला ती शिकली होती, आणि ते पंचांनी निमूट ऐकलं होतं. गेल्या वर्षी तिचं खरं कुणी ऐकलं नव्हतं.

ती कडूबाला बाहेर घेऊन आली. सगळ्यांच्या देखत तिनं पंखा त्याच्या हातात दिला, आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"तुह्या हातानं बुजवलं व्हतं. आता तुह्याच हातानं वारं घाल."

कडूबा पाटाशेजारी बसला. पंखा हलवू लागला. रंगरावानं तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि डोळे मिटले. रांगेतली माणसं कौतुकानं बघत होती. मेहुणा असावा तर असा, कुणीसं म्हणालं. मागून पंजाबरावांचा आवाज आला, "वा, कडूबा."

त्यानं मान वर केली नाही. हात भरून आला होता, पण थांबवायची सोय नव्हती. पंखा जरा मंदावला की रंगराव डोळे उघडायचा आणि तोच शब्द म्हणायचा, आणि सगळी ओसरी हात जोडून वाकायची. कडूबा दिवस कलेपर्यंत वारा घालत राहिला. पुढच्या रविवारी लोक यायच्या आधीच तो पाटाशेजारी येऊन बसला होता.